लादलेल्या बैलाची वाट

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड 1882 मध्ये निघाला. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटांची त्यात एकामागून एक नोंद आहे. ही वाट लादलेल्या बैलाला चढता येते, की नुसत्या पायी माणसाला, हे अंमलदारांनी त्यात आवर्जून टिपलं आहे. बैल चढत असेल तर त्या वाटेने व्यापार चालणार. माणूसच जात असेल तर डोक्यावरच्या मोळीपलीकडे तिथून काही जायचं नाही. इलाख्याचा कारभार चालवणाऱ्यांना एवढं कळलं की पुरे होतं.

आज याच डोंगरांकडे रविवारी निघणारी कुटुंबं वेगळे प्रश्न विचारतात. मुलांना झेपेल ना? आजीला घेऊन जाता येईल का? वाटेत पाणी आहे का, बसायला जागा आहे का? प्रश्न निराळे वाटले तरी उत्तर बहुतेक वेळा जुन्याच यादीत सापडतं. बैलाची वाट असेल तर पोरं जातात, शिडीची असेल तर घरी ठेवलेली बरी.

जुन्नरपासून लोणावळ्यापर्यंत आणि खाली नेरळ-कर्जतपर्यंतचा सह्याद्री हा तसा एकसारखा प्रदेश नाही. वर पठार, मावळातली भातखाचरं, मधे हजार-दोन हजार फुटांचा कडा, कड्याच्या पोटात दाट जंगल आणि खाली कोकणपट्टी. एका दिवसात चालून माणूस या सगळ्यांतून जाऊ शकतो. या मुलखात सोप्या समजल्या जाणाऱ्या वाटांचा इतिहास पाहिला, तर त्यातली जवळजवळ एकही वाट आपोआप सोपी झालेली नाही असं दिसतं. प्रत्येक वाट कुणासाठी तरी सोपी करून घेतली आहे: गोणी लादलेल्या बैलासाठी, लेण्यात राहणाऱ्या भिक्खूसाठी, नवस फेडायला येणाऱ्या लेकुरवाळीसाठी, नाहीतर मुंबईच्या उन्हाळ्याने हैराण झालेल्या साहेबासाठी.

पहिला मान बैलाचा. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण लोंबत असलेल्या जनावराला गुडघाभर उंचीची पायरी चढवत नाही. अरुंद कपारीत गोणी घासतात, फाटतात. वळण फार आवळलेलं असेल तर तांड्यातला मागचा बैल पुढच्यावर येतो. म्हणून बैलाच्या वाटेला बुटक्या पायऱ्या लागतात, चढ नागमोडी घ्यावा लागतो, आणि ठराविक अंतरावर पाणी व चार जनावरं थांबतील एवढी सपाटी लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाला चढायला काय लागतं याची यादी केली तर ती याहून फार वेगळी होत नाही.

या वाटांमध्ये सर्वांत नामांकित नाणेघाट. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघर गावाच्या पुढे, डोंगराला एक अरुंद खिंड पडली आहे. खिंडीतून पलीकडे गेलं की पायाखाली कोकण. इथून उतरणारी फरसबंदी वाट कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखऱ्याजवळ जमिनीला लागते. खालून चढून यायला सवयीच्या माणसाला दोन ते अडीच तास पुरतात. वाटेवर जागोजागी कातळात पायऱ्या कोरल्या आहेत, पाण्याची टाकी खोदली आहेत. कल्याण, सोपारा यांसारख्या बंदरांतून आलेला माल जुन्नरला आणि तिथून पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जायचा, तो या खिंडीतून. सातवाहनांच्या काळात ही त्या राज्याची एक मुख्य नस होती.

खिंडीच्या तोंडाशीच एक लेणं आहे. त्याला चैत्य नाही, मूर्ती नाही, भिंतींना लागून नुसते दगडी बाक. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो आणि त्याचा काळ साधारणपणे ख्रिस्तपूर्व पहिलं शतक धरतात. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची ती जंत्री आहे. त्यात अश्वमेध आहेत, गाई, घोडे, हत्ती, गावं आहेत, 24,400 कार्षापण अशी नाण्यांची रक्कमही आहे. हे आकडे चिन्हांनी लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्यांना नाणेघाटापाशी थांबावंच लागतं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावं वाचता येतात, प्रतिमा मात्र गेल्या. मुंबई सरकारच्या नोकरीत या मुलखाची पाहणी करत फिरणारे कर्नल साइक्स यांनी 1828 मध्ये हा लेख पाहिला आणि 1837 मध्ये त्याबद्दल लिहिलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनात मोलाची भर घातली.

राज्याची थोरवी सांगणारा लेख राजवाड्यात किंवा देवळात न कोरता एका खिंडीत का कोरला, याचं उत्तर सोपं आहे. त्या काळी सर्वांत जास्त डोळे जिथून जायचे ती जागा हीच. व्यापारी, तांडेवाले, भिक्खू, सैनिक असे सगळे इथे दम खायला थांबत. आज शाळेच्या सहलीतली मुलं त्याच बाकांवर डबे उघडतात.

खिंडीच्या वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्याला लेखी आधार नाही. पण या खिंडीवर जकात वसूल होत नसेल असं कुणाला वाटणार नाही. कारण जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले या वाटेवर आणि तिच्या पाठीशी असलेल्या जुन्नरवर नजर ठेवून आहेत.

बैलाची वाट आणि माणसाची वाट यातला फरक अंगावर घेतलेला एक प्रवासी इतिहासाला माहीत आहे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात जुन्नरच्या मोगल सुभेदाराने मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य मागितला, म्हणून त्याला पाठवलं गेलं. कल्याण, मुरबाड करत तो घाटाखाली आला आणि नको त्या वाटेने वर चढला. भोयांचे आणि त्याचे स्वतःचे हाल झाले. परतताना तो नाणेघाटाने उतरला. ही वाट आधीपेक्षा जवळची आणि सुकर निघाली. वाटेवर मिठाच्या गोणी लादलेले बैल होते. कोकणातलं मीठ देशावर जायचं ते या पाठींवरून.

मीठ हा या वाटांचा खरा धनी. देशावर ज्वारी-बाजरी पिकते, ऊस होतो, पण मिठागरं समुद्राकाठीच. वर जाताना मीठ, सुकी मासळी, नारळ; खाली येताना धान्य, गूळ, मिरची. हा व्यवहार लमाणांच्या तांड्यांनी आणि गावोगावच्या बैलवाल्यांनी शतकानुशतकं चालवला. घाटाच्या वरच्या आणि खालच्या गावांत सोयरिकी जुळल्या त्याही याच येण्याजाण्यातून.

दक्षिणेकडे बोरघाटाच्या आसपास वाटा सोप्या होण्याचं आणखी एक कारण दिसतं. कार्ले, भाजे, बेडसे, कोंडाणे ही लेणी जुन्या व्यापारी मार्गांच्या आसपासच खोदली गेली. भाज्याची लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची, कार्ल्याचं भव्य चैत्यगृह त्यानंतरचं. कार्ल्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावं आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट इथले यवन आहेत, गावं दान देणारा उषवदात आहे. भिक्खूंना भिक्षेसाठी गावात उतरावं लागे आणि दात्यांना लेण्यात चढावं लागे. त्यामुळे लेणं कड्यात असलं तरी गावापासून तासाभराच्या आत असतं आणि वाट फारशी अंगावर येत नाही. आज मळवली स्टेशनवर उतरून भाज्याची लेणी पाहणारं कुटुंब दोन हजार वर्षांपूर्वीच्या या हिशेबाचा फायदा घेत असतं.

कार्ल्याला या हिशेबावर दुसरा थर चढला. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कितीतरी कुटुंबांची ती कुलदेवता. चैत्रात यात्रा भरते, पालख्या येतात. तान्ह्या मुलाचं जावळ काढायला, नव्या नवरा-नवरीला पाया पडायला, बोलून ठेवलेला नवस फेडायला मुंबई, ठाणे, रायगडहून माणसं येत राहिली. म्हणजे कडेवर मूल आणि बरोबर म्हातारी माणसं घेऊन डोंगर चढण्याची रीत महाराष्ट्रात ट्रेकिंगच्या कितीतरी आधीची आहे. त्या चढणीला कुणी छंद म्हणत नसे. पायऱ्या, कठडे, लिंबू-सरबत, फुलांच्या माळा हे सगळं त्या गर्दीमागून आलं.

भीमाशंकरची गोष्टही अशीच. खाली कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून ज्योतिर्लिंगाकडे दोन वाटा निघतात. शिडी घाटाची वाट कड्याला भिडते, शिड्या आणि कातळातल्या खोबणींवरून चढते. गणेश घाटाची वाट लांबचा वळसा घेऊन, वाटेतल्या गणपतीच्या देवळापाशी विसावा देत वर नेते. महाशिवरात्रीला कोकणातून पायी येणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या हा वळसा घालत आले. 1985 मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं. शेकरू या राज्यप्राण्याचं ते हक्काचं घर. तेव्हापासून या वाटेला पक्षी आणि फुलपाखरं पाहणाऱ्यांचीही भर पडली.

कुणासाठी वाट सोपी करायची, याचं उत्तर काही वेळा फार मोठं असे, आकारानेसुद्धा. पुण्याच्या पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. तिथल्या पायऱ्या रुंद आणि उतरत्या ठेवल्या त्या हत्तींना चढता यावं म्हणून. पुण्यातल्या मुलांची पहिली चढण बहुधा हीच असते, आणि आजोबा-आजींची रोज सकाळची चढणही हीच.

किल्ल्यांच्या वाटांचं गणित मात्र उलटं. किल्ल्याला वाट हवी, पण शत्रूला ती अवघड हवी. म्हणून वाट दरवाज्यांमधून वळवायची, बुरुजांच्या माऱ्यात ठेवायची आणि एकामागून एक अडसर घालायचे. शिवनेरीला सात दरवाजांतून जाणारी पायऱ्यांची प्रशस्त वाट आहे आणि दुसऱ्या बाजूने लेण्यांकडून चढणारी साखळदंडाची वाट आहे. पहिलीवरून 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, हजारो माणसं लेकराबाळांसह वर जातात. दुसरीवर सराव नसलेल्या माणसाने जाऊ नये.

सोपी-अवघड हे कसं ठरलं, याचा सर्वांत बोलका दाखला लोहगड आणि विसापूर या जोडकिल्ल्यांत मिळतो. मधे गायमुख खिंड, एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला त्याच्याहून थोडा उंच विसापूर. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत. त्यांतून पायऱ्यांची सर्पाकार वाट वर जाते. अठराव्या शतकात नाना फडणविसांनी या किल्ल्याची बरीच कामं करून घेतली. आज पुणे-मुंबईच्या घरांत ‘पहिला किल्ला’ म्हणून ज्याचं नाव निघतं, तो हाच.

विसापूरची कहाणी 4 मार्च 1818 रोजी फिरली. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात लेफ्टनंट कर्नल प्रॉथरच्या फौजेने त्या दिवशी विसापूर घेतला. विसापूरच्या उंचीवरून लोहगड तोफेच्या टप्प्यात येत होता, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी लोहगडही पडला. पुढे इंग्रजांनी विसापूरचे दोन्ही मुख्य दरवाजे सुरुंगाने उडवले. लोहगडाचे दरवाजे राहिले. तेवढ्याने दोनशे वर्षांनंतरचाही फरक पडला. लोहगडाची वाट बांधीव पायऱ्यांची आहे, तर विसापूरला चढणाऱ्याला ढासळलेल्या दगडांतून आणि ओढ्याच्या पात्रातून वाट काढावी लागते.

त्याच वर्षी मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने जुन्नर भागातले किल्ले घेतले आणि जीवधन, चावंड यांच्या कातळातल्या पायऱ्याही सुरुंगांनी उद्ध्वस्त केल्या. गिर्यारोहकांच्या पुस्तकात ‘मध्यम’ किंवा ‘अवघड’ असा शेरा मिळालेल्या कितीतरी वाटा मुळात बऱ्या होत्या. त्यांना अवघड केलं दारूगोळ्याने.

इंग्रजांनी एका हाताने पायऱ्या उडवल्या आणि दुसऱ्या हाताने रस्ते बांधले. बोरघाटातून तोफा नेता याव्यात म्हणून 1804 च्या सुमारास आर्थर वेलस्लीने तिथली वाट सुधारून घेतली. गाड्या जाऊ शकतील असा पक्का रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 10 नोव्हेंबर 1830 रोजी खुला केला. याच कामातला एक दगडी पूल पुढे वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला आणि एप्रिल 2020 मध्ये पाडला गेला. रस्ता झाल्यावर बैलाच्या पाठीवरची गोण बैलगाडीत गेली.

मग रेल्वे आली. बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सांभाळलं. एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर या कड्यावर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यातले कितीतरी मेले. 25 बोगदे आणि 8 मोठे पूल बांधून एप्रिल 1863 मध्ये गाडी घाट चढली. 1865 च्या सुरुवातीला थळघाटातूनही रेल्वे इगतपुरीला पोचली.

या दोन तारखांनी आजूबाजूच्या घाटवाटांचं दिवाळं काढलं. मीठ वाघिणीत भरलं जाऊ लागलं. लमाणांचे तांडे मोडले, काही शेतमजुरीला लागले, काहींना सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. वाटांवर उरले ते घाटाखालचे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वरचे धनगर. त्यांच्या बाजारहाटाला आणि गुरांना त्या अजून लागत होत्या, म्हणून त्या बुजल्या नाहीत. पुढे या वाटांवर हौसेने चालणाऱ्यांना जी वाट सापडली, ती या माणसांनी चालती ठेवलेली होती.

त्याच रेल्वेने एक नवीन गोष्टही केली. रेल्वे कल्याणहून कर्जत-खोपोलीकडे 1856 मध्येच गेली होती आणि नेरळ तिच्या मार्गावर होतं. मुंबईकराला सकाळी निघून दुपारच्या आत डोंगराच्या पायथ्याशी जाता येऊ लागलं. केवळ चालण्यासाठी आखलेल्या वाटांचं एक अख्खं गाव यातून उभं राहिलं, ते माथेरान.

मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होते. समोरचा डोंगर पाहून ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेकडून उतरले. डोंगर स्थानिकांना अनोळखी नव्हता. धनगरांची गुरं तिथे चरत होती आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या पायवाटा रानभर होत्या. मॅलेट यांनी तिथे घर बांधलं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (1853–1860) यांनी तिथे मुक्काम सुरू केल्यावर मुंबईचे श्रीमंत पारशी, बोहरी आणि इंग्रज बंगले बांधू लागले.

इथल्या वाटांची आखणी पाहण्यासारखी आहे. पठाराच्या कडेकडेने, झाडांच्या सावलीतून, फारसा चढउतार न घेता एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे त्या जातात. पॅनोरमा, एको, लुईझा, अलेक्झांडर, चौक, गारबट, मंकी असे पॉइंट त्यांवर ओवले आहेत. या वाटा घोड्यावरून रपेट करणाऱ्यांसाठी, पालखीतून जाणाऱ्या मडमांसाठी आणि आजारातून उठलेल्या, हवापालटासाठी आलेल्या माणसांसाठी केल्या होत्या. अशक्त माणसाला दम न लागता सूर्यास्त पाहता आला पाहिजे, हे इथलं प्रमाण. त्यामुळे आज तीन-चार वर्षांचं मूलही माथेरानला हवं तेवढं चालतं, आणि कंटाळलं तर घोडा असतोच.

वर यायची सोय मात्र बराच काळ तट्टू आणि पालखीचीच होती. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वे बांधायला घेतली. दोन फूट रुंदीच्या रुळावरून, फार आवळलेली वळणं घेत ती 1907 मध्ये सुरू झाली. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि दोन वर्षांनी पुन्हा जोडला गेला. मोटारींना माथेरानने कधी आत घेतलं नाही. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. 2003 मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

स्वातंत्र्यानंतर रिकाम्या घाटवाटांवर नवा पांथस्थ आला. गो. नी. दांडेकर यांनी किल्ल्यांवरची भटकंती लिहायला घेतली आणि मराठी घराघरांत दुर्गभ्रमणाचं वेड शिरलं. मुंबईत 1954 मध्ये ‘गिरिविहार’ स्थापन झाली. हरीश कापडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ 1977 मध्ये आलं. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने मराठी भटक्यांच्या हाती वाटांची तपशीलवार माहिती दिली. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कर्जत किंवा कसारा लोकलने निघायचं, स्टेशनवर पाठपिशवी उशाला घेऊन आडवं व्हायचं आणि उजाडताच चालू लागायचं, ही रीत या दशकांत पडली. पुढे त्याच मंडळींची लग्नं झाली, मुलं झाली, आणि राजमाची किल्ल्याची वाट लोणावळ्याहून लांब असली तरी सपाट आहे, मुलं हळूहळू येतील, असे बेत होऊ लागले.

या सगळ्यांत एक मोठा बदल मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही, आणि तो ऋतूचा आहे. जुने लोक या वाटांवर पावसाळ्यात चालत नसत. लमाणांचे तांडे चार महिने चाऱ्याच्या जागी थांबत. भिजलेलं मीठ विकायचं कुणाला? बौद्ध भिक्खूंचा वर्षावास याच महिन्यांत येई; इतर वेळी हिंडणारे भिक्खू या काळात एका जागी राहत, आणि लेण्यांची मोठी गरज त्या मुक्कामासाठीच होती. फौजा छावणीत बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. एकवीरेची यात्रा चैत्रात, भीमाशंकरची महाशिवरात्रीला. माथेरानचे बंगले जूनमध्ये कुलूपबंद होत. आजही नेरळहून चढणारी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. आषाढी वारी हा ठळक अपवाद. पण ती घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या मुलखातून, दिवे घाटाच्या रुंद रस्त्याने जाते.

घाटमाथ्यावर वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. बुटक्या पायऱ्या, नागमोडी वळणं आणि कातळातली टाकी ही सगळी रचना उरलेल्या आठ महिन्यांसाठी केलेली होती. पाऊस सुरू झाला की फरसबंदीवर शेवाळ धरतं, आणि विसापूरसारख्या ठिकाणी ज्या ओढ्यातून वाट जाते तो ओढा आपली जागा परत घेतो. आजची कुटुंबं मात्र नेमकी धबधबे बघायला जुलै-ऑगस्टमध्ये येतात. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणं आणि कड्यांजवळच्या जागांवर बंदीचे आदेश काढले. तेव्हापासून दर पावसाळ्यात असे आदेश निघतात आणि घाटात मोटारींच्या रांगा लागतात.

घाटघर, राजमाचीची उधेवाडी, खांडस, लोहगडवाडी या गावांतल्या लोकांना ऋतूंचा हा फरक चांगला ठाऊक आहे. त्यांच्या घरांत आता पिठलं-भाकरी, मुक्कामाची सोय आणि वाटाड्या हे उत्पन्नाचे मार्ग झाले आहेत. पावसात गर्दी जास्त, पण मुलांना घेऊन यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, असं ते विचारणाऱ्याला सांगतात. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत शिवनेरी आणि लोहगड हे दोन्ही आहेत. यापुढे इथल्या पायऱ्यांना हात लावताना जुनं बांधकाम आणि वाढती गर्दी या दोन्हींचा मेळ घालावा लागणार आहे. चावंडला उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी लावलेले लोखंडी कठडे हा त्यातलाच एक जुना तोडगा.

वाट कुणासाठी सोपी करायची, हा प्रश्न अलीकडे सर्वोच्च न्यायालयातही गेला, तो माथेरानमुळे. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा तिथे कितीतरी वर्षं चालू होत्या. रिक्षा ओढणाऱ्यांना बॅटरीवरची ई-रिक्षा हवी होती. घोडेवाल्यांचा तिला विरोध होता. दस्तुरी नाक्यापासून गावात येणाऱ्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर ब्लॉक बसवण्यावरूनही वाद झाला. एका बाजूला पावसात वाहून जाणारी माती, दुसऱ्या बाजूला घोड्यांचे घसरणारे पाय आणि गावाचं बदलणारं रूप. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या चालकांचं ई-रिक्षाच्या आधारे पुनर्वसन करायला सांगितलं. ब्लॉकना दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यापुरती मान्यता मिळाली. आतल्या रस्त्यांवर आणि पायी भटकंतीच्या वाटांवर ते बसवायचे नाहीत, असंही न्यायालयाने बजावलं.